यंत्रानं ओळखलेली मेंढी

कातरणीचा वास चांगला नसतो, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना तो चांगला वाटतो त्यांनी मेंढरू लांबून बघितलंय. ओली लोकर, लेंड्या आणि घाम यांचा मिळून एक तेलकट वास, तो अंगाला लागला की साबणाचंही ऐकत नाही. दिवाळी उरकली, थंडीनं जरा तोंड दाखवलं, की कासुर्डीच्या माळावर माझ्या मेव्हण्याकडं कातरणी बसते. सोलापूर रोडच्या ट्रकांच्या धुरातून चालत गेलो तरी तो वास मला बरोबर सापडतो. यंदाही मेव्हण्याचा फोन आला. म्हणाला, दाजी, तुम्ही नुसतं येऊन बसा, कातर आम्ही धरतो. गेलो. झाडाखाली पोतं टाकून बसलो. कातरींची कचकच सुरू झाली, काळी-करडी लोकर जमिनीवर पडायला लागली, आणि मला आठवली ती काचेच्या दाराची थंडगार खोली. तिला कसलाच वास नव्हता. त्या खोलीत एका हिवाळ्यात आमच्या मेंढरानं मोठा गोंधळ घातला होता.

मेंढरू कधी त्या खोलीत गेलं नाही. तरी घातला.

दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. मी निमोण्याचा. चौथीपर्यंत शिकलो आणि मेंढरांमागं गेलो. पुढं मेंढरं विकून जमीन केली, आणि जमिनीत पोट भरेना म्हणून एमआयडीसीत लागलो. औषधाची कंपनी होती. तिथल्या लॅबमध्ये झाडायचं, काचेची भांडी धुवायची, पाण्याचे कॅन आणायचे, गॅसच्या टाक्या हलवताना हात लावायचा, असलं काम. हुद्द्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं, पण सगळे मला मामाच म्हणायचे.

माझी बायको भागूबाई. तिला जाऊन आता दोन वर्षं होत आली. ती असताना मी तिला कधी नावानं हाक मारली नाही, 'अगं' म्हटलं की काम भागायचं. आता कुणाशी तिच्याबद्दल बोलायचं तर नाव घ्यावं लागतं, आणि तोंडाला ते अजून परकं वाटतं. जिच्याशी लग्न केलं त्या बाईचं नाव मला म्हातारपणी शिकावं लागतंय. असू द्या.

तर ते यंत्र. खरं म्हणजे दोन यंत्रं शेजारी शेजारी. एक उभं, त्याच्या डोक्यावर बाटल्या, पोटात पंप. दुसरं आडवं, बर्फाच्या पेटीएवढं, करड्या रंगाचं. दोघांना एका केसासारख्या बारीक नळीनं जोडलेलं. पंप हळू टकटक करायचा, आडव्याची घरघर कधी थांबायची नाही. त्याला बंद करायचं नसतं. सणवार नाही, रविवार नाही. आमच्याबरोबर रज्जाक होता, दौंडचा, वडील रेल्वेत होते त्याचे. वीज आणि गॅस तो बघायचा. तो म्हणायचा, हे यंत्र म्हणजे श्रीमंताघरची सून आहे. पाणी पाहिजे तर चारदा गाळलेलं, हवा पाहिजे तर थंड, गॅस पाहिजे तर एक नंबरचा, आणि एवढं करून सकाळी तोंड फुगवून बसलेली.

त्या सुनेची सासू म्हणजे वैदेही मॅडम. सासू कसली, पोरच होती. रत्नागिरीकडची, शिरूरला खोली घेऊन एकटी राहायची. शिकून-शिकून डोळ्यांना जाड चष्मा लागलेला. मला म्हणाली नाही की मामा, तुम्हाला नाही कळणार. मी विचारलं की सांगायची. आणि सांगायला माझीच मेंढरं घ्यायची.

प्रोटीन म्हणजे लांबच लांब दोरा, असं तिनं सांगितलं. औषधात असतं, दुधात असतं, आपल्या अंगात असतं. हा दोरा ठरलेल्या जागीच कापणारं एक औषध मिळतं. ते घातलं की दोऱ्याचे तुकडे पडतात. तुकडे पाण्यातून एका नळीत सोडायचे. नळी माझ्या करंगळीहून बारीक, आत बारीक भुकटी ठासून भरलेली. काही तुकडे भुकटीला चिकटून रेंगाळतात, काही सरळ पळतात. मी म्हटलं, हे तर आमच्यासारखंच झालं. बाभळीच्या शेंगा पडलेल्या वाटेनं कळप काढला की खादाड मेंढी मागं राहते, कोकरं आईमागं पळत पुढं जातात, आणि वाट संपते तिथं सगळी एकेक करून बाहेर येतात. मॅडम म्हणाल्या, अगदी तेच. आणि वाट संपते तिथं हे दुसरं यंत्र उभं असतं. ते प्रत्येकाला विजेच्या जोरावर हवेत उडवतं आणि उडता उडता वजन करतं.

मी म्हटलं, मॅडम, मेंढरू उडवून वजन करायला जाल तर पाय मोडेल त्याचा.

त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

वजनावरून तुकडा कळतो, चार तुकड्यांवरून दोरा कोणता ते कळतं, आणि दोऱ्यावरून तो कुणाच्या अंगातला ते कळतं. कॉम्प्युटरमध्ये सगळ्या जगातल्या जनावरांचे, झाडांचे, माणसांचे दोरे लिहून ठेवलेले असतात म्हणे. हे ऐकून मला तेव्हा थोडी भीती वाटली होती. इतकं सगळं कुणीतरी लिहून ठेवलंय आणि आपल्याला पत्ता नाही.

मघाशी मेव्हण्याचा थोरला आला, एक कोकरू माझ्या मांडीवर ठेवून गेला. कातरलेलं कोकरू अगदी लाजल्यासारखं दिसतं. अंगावर कातरीच्या रेघा, कान मोठे, मान बारीक. पहिल्यांदा कातरतात तेव्हा जी लोकर निघते ती जावळाची. बोटांत धरली तर आहे की नाही कळत नाही. आता मात्र लोकरीला कुणी विचारत नाही. बांधावर ढीग पडतो, त्यावर कुत्री झोपतात. कुत्र्यांची मजा आहे. मेव्हण्याची सून म्हणाली, आबा, एवढी थंडी वाजत असंल तर रग देऊ का, मऊ हाय, धुवायला सोपा. घेतला. लोकरीचा नव्हता, पण खोटं कशाला बोलू, ऊब चांगली होती.

पण त्या वेळी भागूबाईच्या माहेरची एक रीत होती. कळपात वर्षाच्या पहिल्या कोकराची जावळाची लोकर विकायची नाही. तिचं सूत काढायचं आणि जिला माहेर जवळ नाही अशा पोरीला त्याची घोंगडी द्यायची. पोर आपल्यातली असो नसो. दिली की ती पोर आपली माहेरवाशीण. आणि दिलेली घोंगडी परत घेत नाहीत. परत घेतली तर पोरीला दारातून बाहेर काढल्यासारखं होतं. ही रीत दुसरीकडं कुठं असेल तर मला माहीत नाही. भागूबाई ती पाळायची, एवढं मला माहीत.

आता यंत्राला थंड हवा लागायची आणि मॅडम कोकणातल्या. सकाळी आल्या की नाक लाल, बोटं गार. मी घरी सहज बोललो, की ती पोर दिवसभर फ्रिजमध्ये बसल्यासारखी बसते. भागूबाई भाकरी थापत होती. थापतच राहिली. पण त्या वर्षी कासुर्डीच्या कातरणीवरून येताना तिच्या पिशवीत जावळाची लोकर होती. सूत तिनं स्वतः काढलं, विणकराकडून घोंगडी विणून घेतली, चिंचोक्याची खळ दिलेली. लहानशीच, खांद्यावरून घ्यायची. काळी कुळकुळीत. माझ्या हाती दिली आणि म्हणाली, तिला म्हनावं, तुझ्या मामीनं दिलीय.

मॅडमनं ती घोंगडी घेतली आणि तोंडच लपवलं तिच्यात. बराच वेळ. मग बाहेर आल्या आणि म्हणाल्या, कसला वास आहे हो मामा. मी म्हटलं, मेंढीचा. सवय होईल. झाली. त्या दिवसापासून घोंगडी त्यांच्या खुर्चीवर. नमुने तयार करताना खांद्यावर, कॉम्प्युटरपुढं मांडीवर. घरी जाताना पण अंगावर. शिरूरच्या स्टँडवर बाया वळून बघायच्या, जीन्सवर घोंगडी म्हणून.

आणि मग यंत्रानं तोंड फुगवलं.

झालं असं की कंपनीला परदेशातलं एक मोठं काम मिळत होतं. एका इंजेक्शनातलं प्रोटीन तपासून द्यायचं, आणि त्यात दुसऱ्या कशाचा कण असेल तर तो कशाचा ते सांगायचं. मॅडम नमुना टाकायच्या, आणि यंत्र जी रेघ काढतं तिला कागदावर नको तिथं उंचवटे यायचे. कशाचे ते कळेना. माणसाच्या कातडीचे, केसांचे नेहमीच येतात, ते त्यांना पाठ होते, ते बाजूला काढायच्या. हे वेगळेच. नमुना न घालता नुसतं पाणी त्याच रीतीनं तयार करून सोडलं, तरी तेच उंचवटे. रोज थोडे जास्तच.

पुण्याहून मोठे साहेब आले. आवाज चढवला नाही त्यांनी, पण काचेच्या दारामागं उभ्या असलेल्या मला आणि रज्जाकलाही सगळं कळलं. संक्रांतीपर्यंत स्वच्छ कागद दाखवा. नाहीतर हे काम आणि हे यंत्र हैदराबादच्या युनिटला जाईल. यंत्र गेलं की त्या खोलीत काय उरतं? मॅडम गेल्या असत्या, रज्जाकला पॅकिंगला टाकलं असतं, आणि मला घरी बसवलं असतं. आमचं जाऊ द्या. त्या पोरीनं हे यंत्र आणायला तीन वर्षं साहेबांच्या मागं भुणभुण केली होती. तिच्या हातातलं लेकरू काढून नेण्यासारखं होतं ते.

मग संशयाचा खेळ सुरू झाला. आधी पाणी बदललं. मग बाटल्या नव्या मागवल्या. मग माझ्या भांडी धुण्यावर आलं. मी म्हटलं, मॅडम, मी घरी ताट कधी धुतलं नाही एवढ्या निगुतीनं इथं बाटल्या धुतो, बायकोला कळलं तर मारेल. तरी धुतल्या परत. मग रज्जाकच्या दाढीवर आलं. त्याला दाढीवर बांधायला जाळी दिली. तो आरशात बघून म्हणाला, "मामा, आता मला बायकांच्या डब्यात बसवतील." हसलो आम्ही, पण मॅडम हसल्या नाहीत. डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. थंडी वाढत होती आणि त्या घोंगडी आणखी घट्ट ओढून बसायच्या.

एका दुपारी मी फरशी पुसत होतो. मॅडम कॉम्प्युटरपुढं होत्या. तोपर्यंत त्या उंचवट्यांचा शोध माणसांच्या आणि जंतूंच्या यादीत घेत होत्या, कारण औषधात दुसरं काय असणार. त्या दिवशी कंटाळून त्यांनी सगळ्या जगाची यादी उघडली. यंत्र विचार करत बसलं. मीही बसलो. मग पडद्यावर नाव आलं. मॅडम हलल्या नाहीत. मग हळूच मान वळवली. माझ्याकडं नाही. स्वतःच्या खांद्याकडं.

"मामा," त्या म्हणाल्या, "आपल्याकडे मेंढी आहे."

मला वाटलं, गेली पोर. काळजीनं डोकं गेलं. मी म्हटलं, मॅडम, जरा चहा घेता का? तर त्यांनी घोंगडीची कड चिमटीत धरून माझ्यापुढं केली. तेव्हा उजेड पडला. लोकर म्हणजेही प्रोटीनच. बारीक तंतू हवेत उडत होते, नळ्यांत पडत होते, आणि ते कापणारं औषध इंजेक्शनातल्या प्रोटीनच्या जोडीनं आमच्या कोकरालाही इमानदारीत कातरत होतं. रज्जाक जमिनीवर बसून हसला. दाढीची जाळी काढून त्यानं खिशात टाकली आणि मॅडमना म्हणाला, माझ्या दाढीची माफी मागा.

घोंगडी मॅडमनं खोलीवर नेली. लॅब पुसून घेतली, नव्यानं पाणी सोडलं. उंचवटे कमी झाले, पण गेले नाहीत. कारण रात्री त्या तीच पांघरून झोपत होत्या, आणि केसांत, कपड्यांत भरून मेंढी रोज कामावर येत होती. माझीही एक घोंगडी होतीच, एसटीत अंगावर घ्यायची. म्हणजे दोन दारांनी दोन मेंढ्या. संक्रांत जवळ आली होती. घोंगडी सोडायची हे मॅडमना कळत होतं. पण सोडायची कशी? त्यांना मी रीत सांगितली होती. कौतुकानं सांगितली होती, आता तीच गळ्यात आली. मी म्हटलं, कपाटात टाका, तिला कशाला कळतंय. तर त्या म्हणाल्या, नाही मामा, मी येते तुमच्याबरोबर.

रविवारी माझ्याबरोबर एसटीनं निमोण्याला आल्या. घोंगडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली, मांडीवर. वाटेत मी मनातल्या मनात बोलणं जुळवत होतो. भागूबाई रागावली असती तर चाललं असतं. ती गप्प बसली असती तर मात्र मोठी पंचाईत. तिच्या गप्प बसण्याला मी आयुष्यभर भ्यालो.

मॅडमनं ओट्यावर बसून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. यंत्र, संक्रांत, हैदराबाद, सगळं. भागूबाई ऐकत राहिली. पिशवीकडं बघितलंही नाही तिनं. मग तिनं विचारलं,

"म्हंजी कापडं धुतली तरीबी त्याला मेंढी कळती?"

"कळते, मामी."

"आन् शेळीचं न् मेंढीचं येगळं कळतं?"

"वेगळं कळतं."

भागूबाईनं माझ्याकडं बघितलं. "आमच्या ह्यास्नी न्हाई कळत. यवतच्या बाजारातनं शेळीचं क्यास घातल्याली लोकर घिऊन आलं व्हतं, जावळ म्हून."

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट ती. मॅडमना हसावं की नाही कळेना. पण भागूबाईच्या तोंडावर मला जे दिसलं ते मी विसरत नाही. दुखावली वगैरे काही नव्हती. फुगली होती अभिमानानं. तिच्या माहेरच्या कोकराला एवढ्या मोठ्या, परदेशी, चारदा गाळलेलं पाणी पिणाऱ्या यंत्रानं ओळखलं होतं. नावानिशी. दुसऱ्या दिवशी ती हे पाणवठ्यावर सांगणार हे मला तेव्हाच दिसलं. सांगितलंच. पुढं महिनाभर निमोण्यात बायका मला विचारायच्या, तुमच्या यंत्राला आमची म्हैस दाखवता का.

मग तिनं पिशवी ओढून घेतली, गाठ सोडली, घोंगडी झटकली. मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, मामी, परत नाही देत हो मी. भागूबाई म्हणाली, "परत कोन घेतंय? तुझीच हाय ती. पर तुज्या खोलीत नगं, हितं खुटीला ऱ्हाईल. थंडी वाजली की यायचं, पांघरायची, जेवायचं. जाताना डोक्यावरनं न्हायाचं आन् जायचं. माहेर म्हंजी आनिक काय आसतंय?"

झालं. एवढ्यानं सुटलं. मी एसटीत जुळवलेलं एक वाक्यही बोलावं लागलं नाही.

पुढचे दिवस मोठे गमतीचे गेले. मला कंपनीनं नायलॉनचं जाकीट दिलं. चाललं की खर्र खर्र वाजायचं. निमोण्याची कुत्री रोज पहाटे मला परकं समजून नव्यानं भुंकायची. गेटवर आंघोळ, कपडे बदल, डोक्याला टोपी. रज्जाक म्हणायचा, मामा, लग्नात झाली नसेल एवढी आंघोळ चाललीय तुमची. मॅडमनं लॅबचा कोपरा न् कोपरा ओल्या फडक्यानं पुसून घेतला, छतसुद्धा. नमुने तयार करायला काचेची पेटी आणली, हात फक्त आत.

संक्रांतीच्या आधी मोठे साहेब आले. मॅडमनं आधी नुसतं पाणी सोडलं. पंप टकटक करत होता. मी आणि रज्जाक दाराच्या काचेला नाक लावून उभे. पडद्यावर रेघ सरकायला लागली. तिथं उंचवटा येतो हे मलाही पाठ झालं होतं. रेघ तिथं आली आणि पुढं गेली. सपाट. काढणी झालेल्या वावरासारखी. रज्जाकनं माझा दंड इतका दाबला की दोन दिवस दुखला. मग खरा नमुना टाकला, आणि जे यायला पाहिजे तेवढंच आलं. साहेबांनी चष्मा वर केला, कागद लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, हं. मोठ्या माणसाचं 'हं' म्हणजे आपलं जेवणाचं आमंत्रण असतं. यंत्र राहिलं.

मॅडम पुढं बरीच वर्षं तिथं होत्या. थंडी वाजली की निमोण्याला यायच्या. थंडी नसतानाही वाजायची त्यांना. लग्न होऊन पुण्याला शिकवायला गेल्या तेव्हा भागूबाईनं खुंटीवरची घोंगडी काढून त्यांच्या हाती दिली. म्हणाली, आता तिथं ह्यो चुगलखोर न्हाई, ने.

चुगलखोर हे तिनं यंत्राला ठेवलेलं नाव. यंत्र राहिलं हे कळलं त्याच दिवशी तिनं मला सांगितलं होतं, की ज्यानं माझ्या मेंढीची चुगली केली त्याला मला बघायचंय. मॅडमनं साहेबांची परवानगी काढली. भागूबाई आली. पांढरा कोट, टोपी, पायात निळ्या पिशव्या. नऊवारीवर तो कोट काही बसेना, रज्जाक तोंड फिरवून उभा राहिला. ती यंत्राभोवती हिंडली, लग्न ठरवायला आल्यासारखी. हात लावला नाही. म्हणाली, आवाज करतंय खरं, पर बोलत न्हाई काई.

मग मॅडमनं दोन कागद पुढं ठेवले. आदल्या रविवारी निमोण्याला येऊन त्यांनी आमच्या दोघांच्याही तळहातावरनं ओला बोळा फिरवून नेला होता, गंमत म्हणून. एक कागद भागूबाईचा, एक माझा. दोन्हीवर डोंगर, माणसाच्या कातडीचे. मॅडमनं एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडाला धरले. डोंगरावर डोंगर बसले.

"दोन्ही सारखेच?" भागूबाईनं विचारलं.

मॅडम म्हणाल्या, मेंढी आहे की माणूस आहे ते याला कळतं मामी. यातले मामा कोण आणि तुम्ही कोण, ते याला नाही कळत.

भागूबाईनं खिडकीतल्या त्या कागदांकडं पुष्कळ वेळ बघितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मग यमाचाबी घोळच व्हनार की. न्यायला यायचा यकाला आन् नेयाचा दुसऱ्याला."

सगळे हसले. मीही हसलो. यंत्राची घरघर चालूच होती.

घोळ झाला, असं माझं मत आहे. मी हे कुणाला सांगत नाही, कारण लोक लगेच खांद्यावर हात ठेवतात आणि मला ते आवडत नाही. पण हिशेब सरळ आहे. वयानं मी मोठा. छातीत कफ माझ्या. डॉक्टरानं बिडी सोडा म्हणून सांगितलेलं मला, आणि न सोडणाराही मीच. ती तर सकाळी उठून अंगण झाडून, दळण पाखडून बसलेली. आला असणार तो मलाच न्यायला. मी तेव्हा वावरात होतो. दारात ती होती, आणि दारात आलेल्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं तिला जन्मात जमलं नाही.